हरकती मागवता, तर नकाशा वाचता येईल असा लावा

आमच्या वसाहतीलगतच्या मैदानासाठी राखीव असलेल्या भूखंडावर गृहप्रकल्प उभारता यावा, म्हणून विकास आराखड्यात फेरबदल करण्याची सूचना नुकतीच प्रसिद्ध झाली. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ नुसार अशा फेरबदलावर हरकती व सूचना नोंदवण्यासाठी एक महिन्याची मुदत असते. परंतु सूचनेत केवळ सर्व्हे क्रमांक असल्याने, मुले रोज संध्याकाळी खेळतात तेच हे मैदान, हे आम्हाला मुदत संपायला जेमतेम नऊ दिवस उरले असताना कळले. नकाशा पाहायला गेलो, तर भिंतीवर डकवलेल्या पुसट झेरॉक्सवर रस्त्याची रुंदीही वाचता येत नव्हती.

शहराला घरे हवीत, याबद्दल दुमत नाही. मीही अनेक वर्षे भाड्याच्या एका खोलीत काढली आहेत. मात्र २००६ च्या पर्यावरणीय अधिसूचनेने २० हजार चौरस मीटर व त्याहून मोठ्या बांधकामांना पूर्वपरवानगी बंधनकारक करूनही इमारत प्रकल्पांना जनसुनावणीतून वगळले आहे. त्यामुळे आज दिवसाआड येणारे पाणी उद्या किती कुटुंबांत वाटले जाणार, हे विचारण्यासाठी रहिवाशांच्या हाती मुख्यतः ही हरकतच उरते. निदान प्रत्यक्ष जागेवर मराठीत ठळक फलक लावावा, हरकतींवरील सुनावणी सुटीच्या दिवशी घ्यावी आणि हरकत फेटाळल्यास त्याचे कारण लेखी कळवावे, ही विनंती.

– एक रहिवासी