दहांची यादी जमत नाही

गावभाग, सांगली
भाऊबीजेनंतरचा रविवार

प्रिय दत्त्या,

तुझा निरोप मिळाला. पोरगी गाणं शिकतेय, तिला माझी आवडती दहा गाणी, दहा चित्रं, दहा सिनेमे आणि दहा पुस्तकं हवीत. लेका, मी पेटीवाला आहे, वाण्याची यादी करायला बसवलंस की मला! दोन दिवस कागद पुढ्यात घेऊन बसलो. गाण्यांखाली तीन ओळी झाल्या आणि त्यातलीही एक सकाळी खोडली. म्हणून हे पत्र. तिला यातून काय उचलायचं ते उचलू दे.

आधी एक कबुली देतो. जन्मभर पेटी वाजवून पोट भरलं, पण मला सगळ्यात जास्त जे आवडतं ते माझ्या पेटीला येतच नाही. तुला हे पूर्वीपासून ठाऊक असणार. तुझ्या तबल्याला लेहरा, म्हणजे तीच ती फिरती सुरावट, धरून बसलो की माझा एक कान तंबोऱ्याकडे, आणि मग तू डोळे वटारून मला समेवर आणायचास.

तंबोऱ्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सा, नीट लागला असेल आणि जवारी, म्हणजे घोडीवर तार टेकते ती जागा, उघडी असेल तर त्यातून कुणी न छेडलेला गांधार, म्हणजे ग, ऐकू येतो. स्वयंभू गांधार म्हणतात तो. माझ्या पेटीचा गांधार त्याहून किंचित चढा. एका पट्टीपासून शेजारच्या पट्टीपर्यंतच्या अंतराचे १०० भाग केले, तर हा फरक साधारण १४ भागांचा. ऐकायला नगण्य वाटेल. पण एखादी बाई तंबोऱ्याच्या गांधारावर आवाज टेकवून उभी राहते आणि मी भाता दाबून तोच गांधार देतो, तेव्हा देवघरात चप्पल घालून शिरल्यासारखं वाटतं. मग मी काय करतो सांगू? तिथं बोट उचलतो. लोक म्हणतात, साथ फार संयमी आहे. संयम कसला, लाज आहे ती.

बिचारीचा दोष नाही म्हणा. तिचं माहेर पॅरिस. १८४२ साली तिथल्या दबँ नावाच्या माणसानं तिचं पेटंट घेतलं. पुढं कलकत्त्यात तिला हातभात्याची, मांडी घालून वाजवण्याजोगी केली. माहेरी चार-चार सूर एकदम दाबून प्रार्थना म्हणायच्या, आणि सासरी सांगितलं, एकेक सूर वाजव आणि मींड काढ, म्हणजे सुरावरून सुरावर न तुटता घसरत जा. कशी काढणार? आकाशवाणीनं तर १९४० मध्ये तिला दाराबाहेर काढलं ते १९७१ पर्यंत. मिरजेच्या चर्चमागून आपण सायकलवरून जायचो आणि मी पाय टेकून थांबायचो, आठवतं? आतून चार आवाजांत म्हटलेलं मराठी गीत यायचं आणि तू "चल की रं, उशीर झाला" म्हणून ओरडायचास. पेटी माहेरी कशी हसते ते मी तिथं ऐकलं. ते अजूनही आवडतं. यादीत लिहायचं कसं ते कळत नाही.

गाण्यात पहिलं नाव अब्दुल करीम खाँसाहेबांचं, आणि ते मिरजेच्या अभिमानापोटी नव्हे. तीन-साडेतीन मिनिटांची तबकडी, त्यात झिंझोटी रागातली ठुमरी. घाई कुठंच नाही, आणि संपते तेव्हा तासभर बसल्यासारखं वाटतं. आवाज तर तंबोऱ्यातूनच काढल्यासारखा. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी क्लेमंट्स नावाच्या इंग्रज साहेबाच्या साथीनं बावीस श्रुतींचा, म्हणजे सप्तकातल्या बारीक सूरभेदांचा, हिशेब मांडला, १९१० साली त्यावर पुस्तक काढलं, त्या खटाटोपात खाँसाहेबांचा गळा त्यांच्या कामी आला. नंतर श्रुतींची पेटीसुद्धा बनवून घेतली त्यांनी. म्हणजे माझं दुखणं शंभर वर्षं जुनं आहे आणि आपल्याच गावचं आहे. तेवढाच दिलासा. खाँसाहेब १९३७ साली गेले ते तिकडं मद्रासेजवळ, प्रवासात, एका स्टेशनावर. पण विसावले मिरजेच्या दर्ग्यात. उरुसाला मी अजून जातो. वाजवायला बोलावलं तर वाजवतो, नाही बोलावलं तर मागं भिंतीला टेकून बसतो. खरं सांगायचं तर मागं जास्त मजा येते.

त्या दिवसांत सतारमेकर गल्लीत एक फेरी ठरलेली. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, फलक लागले, फोटो निघाले. आत मात्र तेच चाललंय. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे टांगलेले, भुसा, आणि एक म्हातारा घोडीवर कानस फिरवतोय. दोनदा घासतो, तार छेडतो, मान तिरकी करून ऐकतो, पुन्हा एकदाच घासतो. घोडीच्या माथ्याला डोळ्याला न दिसणारा उतार द्यायचा, म्हणजे तार तिथं टेकत-सुटत थरथरते आणि आवाज उमलतो. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा. केसभर पुढं गेला तर आवाज मिटला. मी एकदा पूर्ण दुपार तिथं बसलो होतो. म्हातारा एकदाही "झालं" म्हणाला नाही. तंबोरा बाजूला ठेवला आणि चहा मागवला, त्यावरून कळलं. तुझ्या पोरीला कलेचं दहावं नाव हवं असेल तर ते चित्र लिही.

बाकी चित्रातलं मला काय कळतं! औंधला मात्र तीन-चारदा गेलोय, तेही गाण्यामुळं. अंतूबुवा जोशींनी १९४० मध्ये सुरू केलेल्या उत्सवाला रात्रभर गाणं ऐकायचं आणि सकाळी जांभया देत टेकडीवरचं संग्रहालय बघायचं. औंधच्या राजाचं, भवानरावांचं, कौतुक वाटतं बाबा. एवढंसं संस्थान आणि जमवलं काय काय! रवि वर्म्याची चित्रं बघायला गर्दी असते, आणि ती आहेतच तशी, जरीचा काठ हाताला लागेल इतकी. पण मला ती तानेच्या लडीसारखी वाटतात. वाहवा निघते आणि आपण पुढं सरकतो. माझे पाय थांबले ते हेन्री मूर नावाच्या विलायती माणसाच्या दगडी आई-मुलापाशी. काम थोडंच केलंय, बाकीचं दगडावर आणि बघणाऱ्यावर सोडलंय. रात्रीचं जागरण होतं म्हणून असेल, पण मला तिथं रात्रीचीच आलापी पुन्हा ऐकू आली. सोबतचा तबलजी म्हणाला, "हे अर्धवट राहिलंय का?" त्याला चहा पाजला आणि गप्प केलं.

सिनेमाचं लवकर उरकतो, कारण हल्ली बघवत नाही. गवयावरचा सिनेमा असला की तो खोकणार, दारू पिणार आणि शेवटी पावसात गाणार. शिवाय पडद्यावरच्या पेटीवाल्याची बोटं एकीकडं आणि सूर भलतीकडं! मी तिकिटाचे पैसे बुडवून उठलोय त्यापायी. 'संत तुकाराम' मात्र कधीही लाव, बसेन. १९३६ चा. त्यात गाणं आलं म्हणून गोष्ट थांबत नाही, बायका पाण्याला निघाव्यात तसं ते चालत राहतं. "आधी बीज एकले" तुकोबांचं नव्हेच, शांताराम आठवल्यांचं. जाणत्यांनाही गाथेतलं वाटलं म्हणे. साथीदाराला याहून मोठी पदवी कुठली, सांग. आणि विठोबाशी चप्पल घेऊन भांडणारी आवली! तुकोबा झालेले पागनीस देवाकडं बघत गातात, ती चुलीकडं बघत बोलते. तिच्यावाचून तो सिनेमा नुसती आरती झाला असता.

आता पुस्तकं. यात माझी निवड पुरानं केली. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं ते तू टीव्हीवर पाहिलंस. आमच्या जिन्याच्या पाचव्या पायरीला पाणी लागलं तेव्हा हिनं रेशनकार्ड, औषधं आणि लोणच्याची बरणी वर नेली. मी पेटी नेली, तंबोरा नेला, आणि तिसऱ्या खेपेला अंधारात पुस्तकांची म्हणून जी पिशवी उचलली तिच्यात निघाली जुनी वीजबिलं आणि लग्नपत्रिका. कॅसेटचा टेपही आणला होता मी. कॅसेट सगळ्या खाली. दहा दिवसांनी चिखलातून काढल्या तेव्हा फिती गांडुळांसारख्या हाताला लागत होत्या. हिला अजून हसू येतं, मला अजून येत नाही.

पुस्तकांपैकी नंतर फक्त दोन पुन्हा विकत घेतली, त्यावरून काय ते समज. एक बी. आर. देवधरांचं 'थोर संगीतकार'. माणूस मिरजेचाच. मोठ्या गवयांची नुसती आरती करत नाही, त्यांचे हट्ट, रुसवे, लहरी सांगतो, आणि तरी वाचून आदर वाढतो. कसं जमवलंय कोण जाणे.

दुसरं 'बनगरवाडी'. व्यंकटेश माडगूळकर आपल्या आटपाडीकडचे, आणि हातात कुंचलाही होता, ते वाचताना कळतं. एक गंमत तुझ्या लक्षात आलीय का? १९५५ साली थोरला भाऊ, गदिमा, पुणे आकाशवाणीसाठी आठवड्याला एक गीत देऊन रामायण उभं करत होता, अख्खा महाराष्ट्र रेडिओला कान लावून बसला होता, आणि त्याच वर्षी धाकट्याचं हे एवढंसं पुस्तक आलं. एकाच घरातले दोन गळे. एकाची भरलेली नदी, दुसऱ्याच्या माणदेशातल्या ओढ्यात वाळूच जास्त. गीतरामायण मी शेकड्यांनी वेळा वाजवलंय, त्यानं माझी घरपट्टी भरलीय, तोंडातून वावगा शब्द निघायचा नाही. पण रात्री उशाशी धाकट्याचं असतं. वाक्य संपतं आणि पुढं मोकळं माळरान. पेटीवाल्यानं तिथं बोट घालू नये.

आता तुला वाटेल, मी फार सोवळा झालो. तर पोरीला हेही सांग की तुझा काका सहा वर्षं ऑर्केस्ट्रात कॅसिओ वाजवत होता, आणि पंचमदांच्या चालीवर आशाबाई आल्या की तो अजून भर रस्त्यात स्कूटर बाजूला घेतो. आशाबाईंचा जन्म सांगलीचा, १९३३ चा. आता याला अभिमान म्हण हवं तर. लग्नाच्या बँडमधला क्लॅरिनेटही मला आवडतो, वाजवणारा म्हातारा असेल आणि वरात दमली असेल तर. तेव्हा तो स्वतःसाठी वाजवतो. पेटीला न जमणारी मींड तो हसत हसत काढतो आणि नवरदेवाच्या मामाला त्याची खबरही नसते.

आता तुझ्याकडं एक काम. उरुसाआधी मिरजेतल्या माझ्या जुन्या खोलीत आपण तालीम केली होती, बुवा झिंझोटी गायले होते, तू ठेका धरलास आणि मी बराच वेळ नुसताच ऐकत बसलो म्हणून बुवा रागावले होते. ती मी टेप केली होती. माझी प्रत चिखलात गेली. तू बदलीवर निघालास तेव्हा एक प्रत तुला दिल्याचं मला पक्कं आठवतं, निळ्या झाकणाची, वर माझ्या अक्षरात तुझं नाव. माळ्यावर, जुन्या तबल्याच्या खोळीत बघ. सापडली तर टपालानं पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. टेप अजून चालू आहे माझा.

वहिनींना नमस्कार, पोरीला आशीर्वाद.

तुझाच,
पेटीवाला