झाडाखालच्या मातीवर सिमेंटचे ठोकळे नकोत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगावातील टिळकवाडी, हिंदवाडी, शहापूर येथील जुन्या घरांच्या आवारात आंबा-फणस अजून उभे आहेत. परंतु सावलीत काही उगवत नाही आणि पावसाळ्यात चिखल होतो, म्हणून त्यांच्या बुंध्यापर्यंत सिमेंटचे ठोकळे बसवले जात आहेत. अडचण खरी असली तरी या उपायाने मुळांना मिळणारी हवा आणि पाणी तुटते, हे पाहवत नाही.

आमच्या फणसाखाली मी तीन पावसाळे लॉन लावून पाहिले. त्या गवताला उघड्या उन्हाची गरज असते, त्यामुळे सावलीत दिवाळीपर्यंत ते विरळ होई आणि तांबडी माती पुन्हा उघडी पडे. अखेर मोंडो ग्रास लावले. नावात ग्रास असले तरी ते गवत नव्हे. शतावरीच्या कुळातील, मूळचे चीन, जपान, कोरियाकडील हे रोप सावलीतही बारमाही हिरवे राहते आणि कापावे लागत नाही.

मृगाच्या सरींनी जमीन भिजली की लागवड करावी. झाडाची बारीक मुळे वरच्या थरातच असल्याने खोल खणू नये; कुजलेले शेणखत आणि पाचोळ्याचे खत दोन बोटे पसरून हलक्या हाताने मिसळावे. नर्सरीतील एका पिशवीतला ठोंब हाताने सोडवला की त्याचे अनेक फुटवे होतात, म्हणून थोड्याच पिशव्या आणाव्यात. फुटवे चार ते सहा इंचांवर लावावेत आणि त्यांचा गाभा मातीत गाडू नये. आपल्याकडच्या पावसात पाणी साचले तर मुळे कुजतात, तेव्हा उतार आधी पाहावा. उन्हाळ्यात मात्र फणसच पाणी ओढून घेतो, त्यामुळे पाणी द्यावेच लागते. जमीन पूर्ण झाकली जाण्यास मला दोन वर्षे लागली. येण्याजाण्याच्या वाटेवर हे रोप टिकत नाही. तेथे मी अंतरा-अंतराने शहाबादी फरशीचे तुकडे ठेवले आहेत.

झटपट पसरते म्हणून पिवळ्या फुलांचे वेडेलिया सुचवले जाते. आमच्या शेजाऱ्यांना एका नर्सरीने तेच दिले. उष्णकटिबंधीय अमेरिकेतील या वेलीचे मातीला टेकलेले प्रत्येक पेर मूळ धरते आणि जगातील 100 सर्वांत उपद्रवी परकीय प्रजातींच्या यादीत तिचे नाव आहे. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे ज्यांची शेतघरे आहेत, त्यांनी तर ती मुळीच लावू नये. तेथील अनेक ओढे मलप्रभा नदीला मिळतात आणि पाण्याबरोबर गेलेला एखादा तुकडाही काठावर रुजतो. ज्यांच्याकडे ती आधीच आहे, त्यांनी काढलेल्या वेली नाल्यात न टाकता उन्हात पूर्ण वाळवाव्यात.

रोपवाटिकाचालकांनी विक्रीच्या वेळीच ही माहिती ग्राहकांना द्यावी आणि मृगापूर्वी आपल्या दैनिकाने या विषयाला जागा द्यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव