बावीस किलोचं बाळ

कोलंबस, ओहायो
१८ जानेवारी

ती. बाबा आणि ती. आई यांना
शि. सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही एकच प्रश्न तीनदा विचारलात. मी तिन्ही वेळा सांगितलं, पण तुम्हाला नीट ऐकू गेलं नाही. कानाचं यंत्र डबीतच असतं, असं आई म्हणाली. म्हणून लिहून पाठवतेय. आधी आई वाचून दाखवेल, मग दुपारी तुम्ही चष्मा लावून परत वाचाल, मला माहीत आहे.

तुमचा प्रश्न असा की, पदवी झाली, एनक्लेक्स ही नर्सच्या परवान्याची परीक्षा पास झाली, परवाना आला, पगार सुरू झाला, मग ही अजून शिकाऊ कशी? बाबा, मी शिकाऊ नाही. नर्सच आहे, माझ्या सहीला पूर्ण किंमत आहे. फक्त पहिलं वर्षभर माझ्या पाठीशी कुणीतरी उभं असतं. तुम्ही एसटीत लागलात तेव्हा लायसन्स होतंच की खिशात. तरी जुने चालक शेजारी बसून चार-सहा फेऱ्या झाल्याशिवाय तुम्हाला करूळचा घाट दिला नव्हता, हे तुम्हीच सांगायचा. तसंच आहे हे.

इथं याला नर्स रेसिडेन्सी म्हणतात. आम्ही अठराजणी जुलैत एकदमच रुजू झालो. माझा वॉर्ड आजारी मुलांचा. पहिले चौदा आठवडे मला एकटीला कुठलंच मूल सांभाळायला दिलं नाही. एक जुनी नर्स माझ्यासाठी नेमली होती, तिला प्रिसेप्टर म्हणतात. तिची ड्युटी तीच माझी, सात ते सात. आधी एक मूल सांभाळलं, मग दोन, आता चार. महिन्यातून एक दिवस आम्ही सगळ्याजणी वर्गात बसतो. कधी यंत्राच्या बाळावर सराव असतो. ते बाळ निळं पडतं, त्याचा श्वास थांबतो, आणि कुणी काय करायचं हे ओरडून नाही तर नाव घेऊन सांगायला शिकवतात. कधी नुसतं बोलणं असतं. पहिलं मूल गेलं तेव्हा कुणी काय केलं, घरी जाऊन झोप लागली का, असं. मला आधी वाटायचं, हे कशाला? आता त्या दिवसाची वाट बघते.

सरकारी सक्ती नाही याची. लॉस एंजेलिसच्या मुलांच्या हॉस्पिटलनं १९९९ मध्ये असा अभ्यासक्रम सुरू केला, कारण नव्या पोरी वर्षाच्या आत काम सोडून जायच्या. पुस्तकातला आजार आणि खाटेवरचं मूल यांत फार अंतर असतं, ते एकटीनं तोडायला लागलं की माणूस खचतं. २०१० मध्ये इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं नर्सिंगच्या भवितव्यावर अहवाल काढला, त्यातही अशा रेसिडेन्सीची शिफारस होती. आता पुष्कळ मोठ्या हॉस्पिटलांत ती असते.

आता आई, हे तुझ्यासाठी.

सप्टेंबरात माझ्या हातून एक चूक झाली. घरी कुणाला सांगितली नव्हती, तुला सांगते. तापानं फणफणलेलं एक वर्षाचं बाळ रात्री भरती झालं. इतकं रडत होतं की काट्यावर ठेवायचं माझ्या जिवावर आलं. बापाला विचारलं, वजन किती? तो म्हणाला, बावीस. मी संगणकात बावीस टाकलं. इथं घरोघरी वजन पौंडात सांगतात, हॉस्पिटलात मात्र सगळं किलोत चालतं, कारण मुलांचं प्रत्येक औषध किलोवर ठरतं. बावीस पौंड म्हणजे दहा किलो. पॅरासिटामॉल किलोला पंधरा मिलिग्रॅम धरलं, तर त्या बाळाला दीडशे द्यायचं. माझ्या आकड्यानं ते तीनशे तीस होत होतं.

औषध काढायच्या आधीच प्रिसेप्टरनं मला थांबवलं. आवाज चढवला नाही. संगणकाकडं बोट न दाखवता खाटेकडं दाखवलं आणि म्हणाली, "हे बाळ बघ. हे बावीस किलोचं आहे?"

माझे हातपाय गार पडले. आणि पहिल्यांदा डोळ्यांसमोर आली ती तू. मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर, तुळईला अडकवलेला तो काटा, त्याला लटकणारी निळी झोळी. मी सात-आठ वर्षांची असेन. तू रिकामी झोळी अडकवून आधी काटा शून्यावर आणायचीस, मगच पोर उचलायचीस. एकदा कुणीतरी म्हणालं होतं, बाई, रडतंय लेकरू, मागच्या महिन्याचंच लिहा की. तू म्हणालीस, "अंदाजानं वजन लिहायचं नाही. त्यानं लेकराचं वाटोळं होतं." मग त्याच्या आईला समोर उभं केलंस, पोर शांत झालं, काटा थरथरायचा थांबला, आणि तेव्हा कुठं तू रजिस्टर उघडलंस. वजनाच्या तक्त्यावर हिरवा पट्टा, पिवळा पट्टा, आणि सगळ्यात खालच्या पट्ट्यात टिंब पडलं की तुझा चेहरा उतरायचा. रात्री जेवतानासुद्धा तू त्याच पोराबद्दल बोलायचीस.

लोक म्हणायचे, अंगणवाडीची बाई, खिचडी वाटते. आई, इथल्या एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात मला पहिल्या महिन्यात जे शिकवलं, ते तू ओसरीवर करत होतीस. त्या रात्रीपासून मी प्रत्येक मूल स्वतः वजन करते. लंगोटसुद्धा वजन करते, कोरडा आधी आणि ओला नंतर. एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर, त्यावरून बाळाला लघवी किती झाली ते कळतं.

माझ्या चुकीची नोंद कागदावर केली, वर कळवलं. मला वाटलं होतं, आता घरी बसवतील. तसं झालं नाही. पुढच्या वर्गात मी ती चूक सगळ्यांसमोर सांगितली, तेव्हा आणखी दोघींनी आपापल्या सांगितल्या. शिक्षा होणार नाही म्हटल्यावरच माणूस खरं सांगतं, हे मी तिथं बघितलं.

त्याच वर्गात आम्हाला जोसी किंगची हकिगत सांगितली. २००१ साली इथल्या एका नामांकित हॉस्पिटलात दीड वर्षांची पोर भाजल्यामुळं दाखल होती, बरी होत आली होती. आई सांगत होती, माझी मुलगी तहानलेली आहे, ही नेहमीसारखी नाही. तिचं कुणी मनावर घेतलं नाही. अंगातलं पाणी कमी झालेलं, त्यात नको ते वेदनाशामक दिलं गेलं, आणि पोर गेली. तिची आई त्यानंतर ठिकठिकाणच्या डॉक्टर-नर्सना हीच गोष्ट सांगत राहिली. आमच्या वर्गात बराच वेळ कुणी बोललं नाही.

त्या गोष्टीमुळंच डिसेंबरातली एक रात्र निभावली, ती सांगते. थंडीत इथं आरएसव्ही नावाच्या विषाणूची साथ येते, वॉर्ड छातीच्या बाळांनी भरून जातो. चार महिन्यांचं बाळ होतं, नाकात ऑक्सिजनची नळी. पहाटे तीनला त्याच्या आईनं माझी बाही धरली. ती स्पॅनिश बोलणारी, आमच्यात दुभाषी पडद्यावर. तिचं म्हणणं एवढंच: हा असा कधी गप्प बसत नाही. मॉनिटरवरचे आकडे तसे चालण्यासारखे होते. मी दुपटं बाजूला केलं आणि घड्याळ लावून पूर्ण मिनिट श्वास मोजले. बासष्ट. बरगड्यांखाली खड्डा पडत होता, नाकपुड्या फुलत होत्या, प्रत्येक श्वासाला मान हलत होती. ते शांत झोपलेलं नव्हतं, दमलं होतं. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाला पन्नासच्या वर श्वास म्हणजे धोका, हे तुझ्या प्रशिक्षणाच्या वहीत होतं, आठवतंय? मी ते पाठ म्हणायचे.

मी तातडीची मदत बोलवायचं बटण दाबलं. पाच मिनिटांत अतिदक्षता विभागाची माणसं खाटेपाशी. कुणी विचारलं नाही की आकडे बरे असताना का बोलावलंस. बाळ वर हलवलं, नऊ दिवसांनी घरी गेलं. जाताना त्याच्या आईनं माझे दोन्ही हात धरले, दुभाषी नव्हता तेव्हा.

हे सगळं चालू असताना मला राहून राहून मावशीची धाकटी आठवते. तीही नर्स झाली, माझ्यापेक्षा हुशार. पहिल्याच आठवड्यात तिला रात्रपाळीला एकटीला वॉर्ड दिला, तीसच्या वर खाटा. काही विचारायला गेलं की "एवढंही येत नाही?" ऐकून घ्यायचं. वर्षाच्या आत तिनं नोकरी सोडली, आणि आपण सगळे म्हणालो, हिला जमलं नाही. मीही म्हणाले होते. ते चूक होतं. तिच्या शेजारी कुणी उभं राहिलं नाही, एवढंच खरं होतं. आई, मावशीकडं जाशील तेव्हा तिला सांग की मी असं म्हणते. मीही फोन करणार आहे, पण आधी तू सांग.

रेसिडेन्सी जुलैत संपेल. शेवटी प्रत्येकीला एक छोटा प्रकल्प करायचा असतो, वॉर्डातली एखादी गोष्ट सुधारण्याचा. मी भरतीच्या वेळच्या वजनाचा घेतलाय. रडणारं मूल आईच्या कडेवर असताना वजन कसं घ्यायचं, आधी दोघांचं, मग एकट्या आईचं, हे सगळ्यांना एकसारखं शिकवायचं आहे.

त्यासाठी एक काम आहे. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत तुझ्याकडचा वजनाचा एखादा कोरा तक्ता असेल. असला तर धाकट्याला सांगून त्याचा फोटो काढून पाठव, मला वर्गात दाखवायचा आहे. पोरांची नावं लिहिलेलं पान मात्र नको. तू स्वतः शिडीवर चढू नकोस. बाबा, यंत्र डबीतून काढा आणि निदान रविवारी माझ्या फोनच्या वेळेला कानाला लावा.

तिळगूळ पोचला. वड्या अजून मऊ आहेत. दोन प्रिसेप्टरला दिल्या.

तुमची,
ताई