गारपिटीचा इशारा मिळतो, सौरवादळाचा का नाही?

प्रति,
मा. राज्यमंत्री (स्वतंत्र प्रभार), भूविज्ञान मंत्रालय तथा राज्यमंत्री, अंतराळ विभाग, नवी दिल्ली

महोदय,
स. न. वि. वि.

मी नाशिक जिल्ह्यात खासगी जमीन मोजणीचं काम करतो. ११ मे २०२४ ला सकाळी पिंपळगाव बसवंतजवळ दोन भावांच्या द्राक्षबागेची हद्द काढत होतो. रोव्हरला, म्हणजे उपग्रहांच्या संदेशांवरून जागा मोजणाऱ्या काठीवरच्या यंत्राला, फिक्स (पक्की अचूक जागा) लागेना, लागला की दोन मिनिटांत सुटे. एकाच दगडावर काठी धरून तीनदा रीडिंग घेतलं, तिन्ही वेळा आकडे वेगळे. धाकटा भाऊ म्हणाला, "मशीन बी दादाचंच ऐकतंय." बांधावर असं एक वाक्य पडलं की पुढच्या पिढीपर्यंत ते पुसत नाही. मी काम थांबवून मशीन तपासायला पाठवलं. दोष निघाला नाही.

आदल्या रात्री साडेदहाच्या सुमारास २००३ नंतरचं सर्वांत मोठं भूचुंबकीय वादळ पृथ्वीवर धडकलं होतं. सूर्यावरच्या उद्रेकानं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ढवळून निघतं, ते हे सौरवादळ; त्यात उपग्रहांचे संदेश वाटेत बिघडतात. लडाखमध्ये हानलेला आकाश तांबडं झालं. अमेरिकेत ऐन पेरणीत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर थांबवावे लागले. मला हे आठवड्यानं वर्तमानपत्रात कळलं. माझे आकडे त्यामुळेच हलले, हे त्या भावांना पटवून द्यायला माझ्या हातात एक कागदही नव्हता.

साहेब, पाहणारे डोळे आपल्याकडे आहेत. सूर्यावर नजर ठेवणारं इस्रोचं आदित्य-एल१ हे यान ६ जानेवारी २०२४ पासून पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर आहे. त्यावरची सूट ही दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेनं घडवली. सूर्यावरून निघालेला उद्रेक इथं पोचायला बहुधा एक ते तीन दिवस लागतात, म्हणजे सावध व्हायला वेळ असतो. अडचण पुढे आहे. उद्रेकासोबत येणाऱ्या चुंबकीय क्षेत्राची दिशा दक्षिणेकडे असली की तडाखा मोठा बसतो, आणि ती दिशा खात्रीनं कळते ती ते यानाजवळून जातं तेव्हाच. त्यानंतर हातात तास-अर्धा तास उरतो. त्या अर्ध्या तासात माहिती निफाडच्या शिवारात पोचली तरच तिचा उपयोग आहे.

असं पोचवणं आपल्याच मंत्रालयाला जमलेलं आहे. मंत्रालयाच्या पुण्यातल्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी ॲप वीज पडण्याआधी शेतकऱ्याच्या खिशात वाजतं. गारपिटीचा यलो अलर्ट आला की इथला बागायतदार रात्रीतून धावपळ करतो. तसंच सूर्याचं पत्रक रोज मराठीत निघावं, हवामान खात्याच्या अंदाजाशेजारीच. उद्रेक निघाला की पहिला इशारा, तो आदित्यपाशी पोचला की दुसरा. आज मोजणी घ्यावी का, फवारणीचा ड्रोन उडवावा का, एवढं साध्या भाषेत सांगा. वादळ सरल्यावर जिल्हावार नोंदही जाहीर करा. ती मला बांधावर दाखवता येईल.

सूर्यावरच्या उद्रेकांचा जोर आता ओसरतोय, घाई कशाला, असं कुणी म्हणेल. ऑक्टोबर २००३ चं वादळही जोर ओसरतानाच आलं होतं. २०२७ मध्ये गोदाकाठी सिंहस्थ आहे; असं वादळ तेव्हाही येऊ शकतं.

आणि ही परंपरा आपल्याच राज्यातली आहे. १८५९ च्या प्रचंड सौरवादळाची नोंद मुंबईच्या कुलाबा वेधशाळेनं केली होती. ट्राम विजेवर धावणार, त्या विजेनं मोजणी बिघडेल म्हटल्यावर १९०४ मध्ये ती चुंबकीय मोजणी अलिबागला हलवली, पण खंड पडू दिला नाही. एवढी काळजी नोंदीची घेतली. आता ती नोंद आमच्यापर्यंत येऊ द्या.

त्या दोन भावांची हद्द मी नंतर दोनदा मोजून दिली. धाकट्यानं अजून सही केलेली नाही.

आपला,
निफाड तालुक्यातील एक सर्व्हेअर