‘इन्व्हिन्सिबल’ म्हणजे नुसता न हरलेला नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हल्ली क्रीडा पानावर कुठल्याही टीमने सलग पाच-सहा मॅच मारल्या की लगेच ‘इन्व्हिन्सिबल’ असा मथळा दिसतो, आणि पुढच्या रविवारी तीच टीम हरली की तो शब्द गायब. मला हे खटकतं म्हणून लिहितोय. आजपर्यंत हरला नाही तो ‘अनबीटन’, म्हणजे अपराजित. इन्व्हिन्सिबल म्हणजे ज्याला हरवणं शक्यच नाही असा, आपल्याकडचा अजिंक्य. पहिला शब्द झालेल्या गोष्टीबद्दल बोलतो, तो रेकॉर्ड बघून तपासता येतो. दुसरा पुढचीही हमी देतो, आणि ती कोण देणार?

मूळ लॅटिन, ‘विन्सेरे’ म्हणजे जिंकणे. सीझरच्या ‘वेनी, विदी, विसी’ मधला ‘विसी’ त्याच क्रियापदाचा. हा शब्द सुरुवातीपासून फक्त लढवय्यांसाठीच होता असंही नाही बरं का. तेराव्या शतकात थॉमस अ‍ॅक्वायनस या कॅथलिक धर्मपंडिताने ‘इन्व्हिन्सिबल’ अज्ञानाचा विचार मांडलाय, म्हणजे माणसाने कितीही प्रयत्न केला तरी जे दूर होणं त्याच्या हातात नव्हतं असं अज्ञान, आणि म्हणून त्याचा दोष त्याच्यावर येत नाही. कॅथलिक धर्मशास्त्रात हा अर्थ अजून चालतो. मला तर हा सगळ्यात नेमका वापर वाटतो कारण इथे ‘शक्यच नाही’ हे खरंच शब्दशः घेतलंय.

आता आर्माडा. १५८८ साली स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने इंग्लंडवर साधारण १३० जहाजं पाठवली, आणि आपल्याकडे क्विझच्या पुस्तकांत सर्रास छापतात की त्याने या आरमाराला ‘इन्व्हिन्सिबल आर्माडा’ नाव दिलं होतं. तसं नाहीये. स्पेनकडचं नाव होतं ‘थोर आणि परम भाग्यशाली’ अशा अर्थाचं. आरमाराची वाताहत झाल्यावर एलिझाबेथ राणीचा मंत्री लॉर्ड बर्ली याच्या प्रचारपत्रकात ते आरमार स्पॅनिश लोक ज्याला अजिंक्य म्हणायचे ते, असं चिडवण्यासाठी लिहिलं गेलं आणि पुढे तेच चिकटलं. फ्रान्सच्या कॅले बंदराजवळ रात्री पेटती जहाजं अंगावर सोडल्यावर आरमाराची रांग फुटली, मग ग्रेव्हलिन्सची लढाई, मग स्कॉटलंड-आयर्लंडला वळसा घालून परत जाताना वादळं. निदान एक तृतीयांश जहाजं घरी पोचलीच नाहीत. म्हणजे इतिहासातला या शब्दाचा सगळ्यात प्रसिद्ध वापर हा जिंकलेल्याने हरलेल्याला मारलेला टोमणा आहे, आणि आपण तो चारशे वर्षांनीसुद्धा कौतुक म्हणून छापतो!

जहाजांचंच बघा ना. १७४७ मध्ये इंग्रजांनी केप फिनिस्टेरच्या लढाईत एक फ्रेंच युद्धनौका पकडली, नाव ‘इन्व्हिन्सिबल’, आणि ते न बदलता आपल्या आरमारात घेतली. ती १७५८ ला पोर्ट्समथजवळ वाळूत रुतून गेली. त्याच नावाची दुसरी १८०१ मध्ये नॉरफोकच्या किनाऱ्याजवळ वाळूच्या दांड्यावर आपटून बुडाली, चारशेच्या वर माणसं गेली. मग जगातली पहिली बॅटलक्रूझर, म्हणजे मोठ्या तोफांची वेगवान युद्धनौका, तिचंही नाव हेच. पहिल्या महायुद्धात १९१४ ला फॉकलंडच्या लढाईत ती जिंकली, पण ३१ मे १९१६ ला जटलंडच्या लढाईत तोफेच्या बुरुजावर गोळा पडला, दारूगोळ्याच्या कोठारात स्फोट झाला आणि जहाजाचे दोन तुकडे झाले. १०२६ जण मेले, वाचले फक्त सहा. नाव अजिंक्य म्हणून कोठाराला जास्त जाड पोलाद लागत नाही. या क्लासची जहाजं वेगासाठी चिलखत कमी करून बांधलेली होती.

क्रिकेटमधलं ‘इन्व्हिन्सिबल्स’चं उदाहरण मात्र मला मान्य आहे. ब्रॅडमनची १९४८ ची ऑस्ट्रेलियन टीम इंग्लंडच्या दौऱ्यावर ३४ मॅच खेळली, २५ जिंकल्या, ९ ड्रॉ, एकही हरली नाही, आणि लीड्सला शेवटच्या दिवशी ४०४ चा पाठलाग करून टेस्ट जिंकली. तरी यॉर्कशायरविरुद्ध ६० रन काढताना त्यांच्या सहा विकेट गेल्या होत्या हेही खरं. आणि त्याच वर्षी जानेवारीत अ‍ॅडलेडला ब्रॅडमनच्याच ऑस्ट्रेलियासमोर आपल्या सांगलीच्या विजय हजारेंनी दोन्ही डावांत सेंच्युरी ठोकली, ११६ आणि १४५, शिवाय कोल्हापूरच्या दत्तू फडकरांनी १२३. मॅच आपण डावाने हरलो ते हरलोच, पण समोर लिंडवॉल-मिलरसारखे फास्ट बोलर होते आणि तरी धावा निघत होत्या. ‘इन्व्हिन्सिबल्स’ हे बिरुद त्या टीमला इंग्लंडचा अख्खा दौरा बघून मिळालं, सहा मॅच बघून नाही.

मी साताऱ्याचा, त्यामुळे अजिंक्य शब्द रोज डोळ्यासमोर असतो. आमचा अजिंक्यतारा औरंगजेबाने १७०० साली वेढा घालून घेतलाच होता, आझमतारा असं नावही ठेवलं होतं, ताराराणींच्या काळात तो परत आला तेव्हा अजिंक्यतारा हे नाव पडलं, आणि १८१८ ला तो इंग्रजांनीही घेतला. किल्ल्याचं प्रेम त्याने तसूभरही कमी होत नाही.

तर विनंती एवढीच, न हरलेल्या टीमला ‘अपराजित’ छापा, मथळ्यात जागाही तेवढीच लागते. आणि आर्माडाबद्दल कधी लेख आला तर ते नाव स्पेनने ठेवलेलं नव्हतं हे एका ओळीत तरी येऊ द्या, शाळेतली मुलं तुमचा पेपर वाचून वक्तृत्व स्पर्धेची भाषणं तयार करतात.

आपला,
एक जुना वाचक, सातारा