गॅजेट आलं की बातमी देता, बंद पडलं की पण द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत दर आठवड्याला नवीन गॅजेटचं जे पान येतं ते मी पहिलं वाचतो, राजकारण नंतर. गुंडाळता येणारी स्क्रीन, आरपार दिसणारा लॅपटॉप, घरभर मागे मागे फिरणारा बॉलसारखा रोबो, सगळं आवडीने वाचतो आणि दुकानात काम शिकायला येणाऱ्या पोरांना पण वाचून दाखवतो. कराडला माझं इलेक्ट्रॉनिक्स रिपेअरिंगचं दुकान आहे, २३ वर्षं झाली, टेप आणि कलर टीव्हीपासून सुरुवात केली, आता मिक्सर, इंडक्शन, एलईडी टीव्ही, स्मार्ट अमुक आणि स्मार्ट तमुक. म्हणजे या वस्तूंचा शेवट कसा होतो ते मी रोज बघतो, आणि त्याबद्दलच हे पत्र आहे. थोडं लांबेल, जमलं तर सगळं छापा.

झालं असं, गेल्या महिन्यात एक ताई दुकानात आल्या, ओळखीतल्याच, पिशवीतनं एक पांढरी पेटी काढली. सासऱ्यांच्या गोळ्यांची स्मार्ट पेटी. सात दिवसांचे सकाळ-रात्र असे १४ खाने, प्रत्येक खान्याच्या कडेला तांदळाएवढा एलईडी, वेळ झाली की त्या खान्याचा दिवा लागतो, बारीक आवाज होतो, आणि अर्ध्या तासात झाकण उघडलं नाही तर पुण्यात असलेल्या मुलाच्या मोबाइलवर मेसेज जातो. सासऱ्यांना बीपी, शुगर दोन्ही, त्यात विसराळूपणा वाढलेला. सव्वा वर्ष पेटी मस्त चालली. मग एक दिवस दिवे लागायचे बंद झाले आणि ते लक्षात यायला तीन दिवस गेले, कारण सगळे त्या मेसेजच्या भरवशावर होते, मेसेज नाही म्हणजे गोळ्या घेतल्या असणार. तीन दिवस बीपीची गोळी पोटात नाही. चक्कर येऊन बाथरूमच्या दारात पडले, हाड मोडलं नाही एवढंच नशीब.

मी पेटी खोलली. खालच्या रबरी पायांच्या आत स्क्रू लपवलेले, बॅटरी गोंदाने चिकटवलेली, तरी मोजली, ३.९ व्होल्ट, ठणठणीत. बोर्डवर कुठे गंज नाही, कपॅसिटर फुगलेला नाही, सोल्डर सुटलेलं नाही. चालू केली की चौदाच्या चौदा दिवे एकदा लागतात आणि मग कोपऱ्यातला निळा दिवा लुकलुकत बसतो. त्यांच्या घरच्या वायफायचं नाव आणि पासवर्ड मी माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटला दिला, तर पेटी जोडली पण गेली. फक्त पलीकडनं कोणी उत्तर देत नव्हतं. कंपनीने सर्व्हर, म्हणजे ही पेटी इंटरनेटवरनं ज्याच्याशी बोलते तो कंपनीचा कॉम्प्युटर, बंद केला होता, वेबसाइट उघडत नाही, अ‍ॅप स्टोअरवरनं गायब, कस्टमर केअरचा नंबर लागत नाही. ताई विचारतायत, दादा काय गेलंय? मी म्हटलं, ताई काहीच गेलेलं नाही, सगळं चांगलं आहे, फक्त चालत नाही. २३ वर्षांत हे वाक्य मी कुठल्या गिऱ्हाइकाला बोललो नव्हतो आणि बोलताना मला लाज वाटली, चूक माझी नसून.

ताईंनी ही पेटी एका बातमीतला फोटो बघून मागवली होती. आली तेव्हा बातमी होती. बंद झाली तेव्हा कुठे एक ओळ जरी छापून आली असती तर त्या मुलाने पुण्यावरनं फोन करून विचारलं असतं, बाबा गोळी घेतली का. माझं म्हणणं एवढंच आहे संपादक साहेब, की ज्या वस्तूचं आगमन तुम्ही छापता तिची वर्षाने चौकशी करा आणि ती पण छापा.

हे फक्त छोट्या कंपन्यांचं आहे असं समजू नका. अमेरिकेत ह्युमेन नावाची कंपनी, अ‍ॅपलमध्ये काम केलेल्या नवरा-बायकोने काढलेली, त्यांनी शर्टाला लावायचा एआय पिन आणला. स्क्रीन नाही, तळहात पुढे धरायचा की त्यावर लेझरने अक्षरं उमटायची. किंमत ६९९ डॉलर आणि वर महिन्याला २४ डॉलर वेगळे. २०२४ च्या एप्रिलमध्ये लोकांच्या हातात पडला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीचा बराचसा भाग एचपीने ११६ मिलियन डॉलरला घेतला आणि २८ फेब्रुवारीला सगळे पिन बंद. वर्ष पण झालं नव्हतं. शेवटच्या ९० दिवसांत घेतलेल्यांना पैसे परत, बाकीच्यांच्या शर्टावर नुसता बिल्ला राहिला. तळहातावर अक्षरं उमटण्याचा फोटो मी कितीतरी ठिकाणी पाहिला होता, २८ फेब्रुवारीची बातमी मला शोधून काढावी लागली.

त्याहून मला वाईट वाटलं ते मॉक्सी नावाच्या रोबोचं. हा लहान मुलांसाठी होता, पाच ते दहा वर्षांच्या, ज्यांना बोलायला, मिसळायला जड जातं अशा मुलांना पण आईबाप हा आणून देत होते, किंमत ७९९ डॉलर. डिसेंबर २०२४ मध्ये कंपनीने कळवलं की पैसे संपले, आता रोबो बोलायचा थांबेल. आता सांगा, सहा वर्षांच्या पोराला काय सांगायचं? मिक्सर बंद पडला तर पोरगं रडत नाही, हा तर त्याच्याशी रोज गप्पा मारत होता. त्यातनं एक बरं झालं, रोबो स्वतःच्या कॉम्प्युटरवरनं चालवता येईल अशी सोय नंतर काढली गेली, पण ती ज्याला जमेल त्याला.

जुसेरोचं प्रकरण मात्र वेगळं आहे आणि ते मी मुद्दाम लिहितोय, कारण त्यात पत्रकारांचं काम आहे. २०१६ मध्ये अमेरिकेत हे ज्यूसचं मशीन निघालं, ६९९ डॉलरला, नंतर ३९९ केलं. फळं घालायची नाहीत, कंपनीचं चिरलेल्या फळांचं आणि भाज्यांचं पाकीट आणायचं, मशीन ते दाबणार आणि ग्लासात रस. पाकिटावर कोड, मशीनला वायफाय, पाकिटाची तारीख उलटली असेल तर मशीन दाबणारच नाही. गुंतवणूकदारांनी जवळपास १२० मिलियन डॉलर त्यात घातले होते. एप्रिल २०१७ मध्ये ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेच्या पत्रकारांनी काय केलं, पाकीट घेतलं आणि दोन हातांनी पिळलं. मशीनला लागतो तेवढ्याच वेळात जवळपास तेवढाच रस निघाला. सप्टेंबरमध्ये कंपनीला टाळं. तेव्हा एका इंजिनिअरने ते मशीन खोलून आतले फोटो टाकले होते, ते मी झूम करून करून पाहिलेत, अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातनं कोरून काढलेले जाडजूड भाग, खास बनवून घेतलेले गिअर, असं काम आमच्याकडे येणाऱ्या कुठल्याच घरगुती मशीनमध्ये नसतं, ज्याने ते बनवलं तो कारागीर मोठा असणार आणि त्याची मेहनत फुकट गेली याचं मला खरंच वाईट वाटतं. पण मुद्दा काय, हे कुठल्या लॅबने शोधलं नाही. पत्रकारांनी शोधलं, हाताने पिळून. मग आपल्या पेपरात कंपनीने पाठवलेला फोटो आणि मजकूर जसाच्या तसा का लागतो, एखादी वस्तू मागवून आठ दिवस वापरून का लिहीत नाहीत?

कॉन्सेप्ट डिझाइनबद्दल पण बोलायचंय. कॉन्सेप्ट म्हणजे अजून झालेली नाही अशी वस्तू, हे वाचणाऱ्याला कळत नाही हो, लोक माझ्याकडे येऊन विचारतात तो गुंडाळीचा फोन कितीला आला. एलजीने २०२१ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या मोठ्या शोमध्ये बाजूने उलगडत मोठा होणारा फोन दाखवला, सगळीकडे फोटो झळकले, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये कंपनीने फोनचा धंदाच सोडला. तो फोन दुकानात आलाच नाही. मला स्वतःला सगळ्यात जीव लागला होता तो २०१३ च्या फोनब्लॉक्स या कल्पनेला. हॉलंडच्या एका तरुण डिझायनरने मांडलेली, फोनचे ठोकळे ठोकळे, कॅमेरा गेला तर कॅमेऱ्याचा ठोकळा बदला, बॅटरी गेली तर बॅटरीचा, बाकी फोन तोच. व्हिडिओ बघून मी त्या रात्री झोपलो नाही, म्हटलं हे आलं तर आमच्यासारख्यांचे दिवस फिरले. गुगलने त्याच धर्तीवर प्रोजेक्ट आरा चालवला आणि २०१६ मध्ये बंद केला. पण ती कल्पना मेली नाही, ॲमस्टरडॅमच्या फेअरफोन कंपनीचे फोन साध्या स्क्रू ड्रायव्हरने खोलता येतात आणि बॅटरी, स्क्रीन, कॅमेरा गिऱ्हाईक घरी बदलू शकतो. या गोष्टीवर अर्धं पान मराठीत कोणी लिहिलं तर मी ते फ्रेम करून काउंटरवर लावेन.

जपानची एक गोष्ट सांगतो. सोनीचा आयबो नावाचा रोबो कुत्रा होता, १९९९ ला आला, २००६ ला बनवणं थांबलं, २०१४ ला कंपनीने रिपेअरिंग पण बंद केलं. तर सोनीतल्याच जुन्या टेक्निशियन लोकांनी स्वतःची कंपनी काढून ते कुत्रे दुरुस्त करायला घेतले. पार्ट मिळायचे नाहीत, मग जे कुत्रे उठणारच नाहीत त्यांचे पार्ट काढून दुसऱ्यात घालायचे, आणि काढायच्या आधी चिबातल्या एका बौद्ध मंदिरात त्यांच्यासाठी रीतसर प्रार्थना, ओळीने कुत्रे मांडलेले आणि समोर भटजी. कोणाला हे वेडेपणाचं वाटेल, मला नाही वाटलं. खंडेनवमीला मी पण मल्टिमीटर आणि सोल्डरिंग गन पाटावर मांडून हळद-कुंकू वाहतो. वस्तूने साथ दिली की तिची आठवण ठेवायची, एवढं त्यांना कळलं आणि त्याची बातमी करणं त्यांच्या पेपरवाल्यांना सुचलं.

आणि बंद पडलेलं परत उभं राहतं याचं पण उदाहरण आहे. पेबल नावाचं मोबाइलला जोडायचं स्मार्ट घड्याळ, २०१२ मध्ये लोकांनीच आगाऊ पैसे देऊन एक कोटी डॉलरच्या वर रक्कम उभी केली. २०१६ मध्ये कंपनी मोडली, २०१८ ला सर्व्हर बंद झाले. पण वापरणाऱ्यांनी रिबल नावाने स्वतःचा सर्व्हर चालवला आणि घड्याळं चालत राहिली, त्याचं सॉफ्टवेअर पुढे गुगलच्या हातात गेलं होतं, ते २०२५ मध्ये गुगलने सगळ्यांसाठी खुलं केलं. म्हणजे कंपनीने जाताना किल्ली ठेवली तर लोक घर सांभाळतात. आमच्या त्या गोळ्यांच्या पेटीवाल्याने किल्ली ठेवली असती तर मी काहीतरी केलं असतं.

म्हणून माझी विनंती, बातमीत किंमत छापता तशी दोन ओळी अजून छापा, इंटरनेट नसेल तर ही वस्तू चालते का, बॅटरी बदलता येते का आणि कोण बदलून देईल. फ्रान्सने २०२१ मध्ये मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही, वॉशिंग मशीन यांच्या किमतीशेजारी दुरुस्तीचे मार्क लावणं सक्तीचं केलं होतं, दहापैकी किती. आपल्या केंद्र सरकारने पण २०२२ च्या डिसेंबरमध्ये राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल काढलंय, दुकानात येणाऱ्या दहा माणसांना विचारलं तर एकाला पण माहीत नव्हतं, तुम्ही सांगितलं तर कळेल ना.

त्या पेटीचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. माझा पुतण्या डिप्लोमाला आहे, त्याने आतला बोर्ड काढून टाकला, आपल्याला हवा तसा प्रोग्राम घालता येतो असा एक साधा आर्डुइनो बोर्ड आणि घड्याळाची चिप बसवली, दिवे तेच ठेवले, आवाज जरा मोठा केला. सकाळी ८ आणि रात्री ९ ला वाजते, झाकण उघडेपर्यंत थांबत नाही. पुण्याला मेसेज जात नाही, पण शेजारच्या खोलीत ऐकू जातं. पार्टचे पैसे तेवढे घेतले.

आता शेवटचं, आणि हे माझ्या घरचं आहे. जपानच्या किरीन कंपनीचा इलेक्ट्रिक चमचा तुम्ही छापला होता, ते कात्रण मी काउंटरच्या काचेखाली ठेवलंय. मेइजी विद्यापीठातल्या प्राध्यापक मियाशितांबरोबर बनवलेला, टोकातनं अगदी हलका करंट जातो, त्याने अन्नातले मिठाचे कण जिभेवर एकवटतात आणि कमी मिठाचं जेवण दीडपट खारट लागतं असं कंपनी म्हणते. याच प्राध्यापकांना विजेच्या चॉपस्टिक्सच्या जुन्या संशोधनासाठी २०२३ ला इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं, लोक हसले असतील, मी नाही हसलो. चमचा मे २०२४ ला जपानात विक्रीला आला, १९,८०० येन, आपले साधारण दहा-अकरा हजार, वजन ६० ग्रॅम. आमच्या अण्णांना डॉक्टरांनी मीठ तोडायला सांगितलंय, जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणते, अण्णा जन्मभर ताटात खर्डा आणि लोणचं घेऊन जेवलेले. आता अळणी आमटीचे दोन घास खातात आणि ताट सरकवतात, काही बोलत नाहीत, आई आत जाऊन डोळे पुसते. त्या चमच्याचं पुढे काय झालं ते छापा. ज्यांनी घेतला ते अजून वापरतात का, आमटीत चालतो का, बॅटरी गेली तर काय. अण्णांचं वय ८१ आहे. खरा असेल तर मला मागवायचाय.

आपला नेहमीचा वाचक,
एक रिपेअरवाला, कराड