वाळवंटातील जवानांना काय पाठवावे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

राजस्थान सीमेवर तैनात होणाऱ्या जवानांसाठी आमच्या अमळनेर परिसरात सध्या भेटवस्तू गोळा होत आहेत. भावना मोलाची असली, तरी त्यांतील चॉकलेटे आणि सिंथेटिक बनियन पाहून हे लिहावेसे वाटले. माझा पुतण्या जैसलमेरहून सुटीवर आला, तेव्हा त्याची बॅग ओसरीवर झटकताच पिठासारखी बारीक रेती पडली, अगदी चेन लावलेल्या कप्प्यांतूनही. ती डोळ्यांत आणि चार्जरच्या छिद्रांतही शिरते. म्हणून कडेने बंद असलेला गॉगल, झिपच्या प्लॅस्टिक पिशव्या आणि मातकट रंगाचे मोठे सुती उपरणे (आपला शेतकरी उन्हात बांधतो तसेच) अधिक उपयोगी. सिंथेटिक कापड आगीत वितळून कातडीला चिकटते, ते नकोच. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा ओआरएसची पाकिटे हवीत. जानेवारीच्या रात्री मात्र लोकरी मोज्यांवाचून भागत नाही. चकाकणाऱ्या वस्तू टाळाव्यात, कारण उघड्या वाळवंटात त्यांची चमक दुरून दिसते. चिलखत आणि बूट ही लष्कराची जबाबदारी. तेथे आपण लुडबूड करू नये. पुतण्याने स्वतःहून मागितले ते फक्त मोजे आणि लोणचे, तेही काचेच्या बरणीत नको, असे बजावून.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, अमळनेर (जि. जळगाव)